म्हशीनं खाल्लेली ज्वारी

लग्नानंतरच्या चौथ्या वर्षी मी सासूबाईंनी पाठवलेली ज्वारी एका म्हशीला खाऊ घातली. चिमूटभर नाही, अख्खं पोतं. वीस किलो तरी असेल. म्हैस दूधवाल्याची होती, ज्वारी नवऱ्याच्या पोटासाठी सोलापूरकडून रेल्वेनं दिल्लीला आलेली होती. मूर्खपणा तेवढा माझा स्वतःचा, घरच्या घरी केलेला.

तेव्हाची मी आज मला रस्त्यात भेटली, तर मी तिच्याशी बोलणार नाही. सरळ तिचा अंबाडा धरून दोन ठेवून देईन. नायलॉनची साडी, हातात विणायच्या सुया, बॉबकट करावा की नाही या गहन विचारात बुडालेली. दिल्लीत येऊन चार वर्षं झालेली आणि आपण कुठल्या गावच्या हे कुणाला कळू नये म्हणून दिवसभर धडपडणारी. हिंदी अशी बोलायची की ऐकणाऱ्याला दया यावी.

हे केंद्र सरकारात असिस्टंट होते. आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं, समोर सामाईक हिरवळ, मागे एका रिकाम्या जागेत दूधवाल्याच्या म्हशी. दर वर्षी सुगी झाली की सासूबाई गावाकडून कुणीतरी दिल्लीला निघालेला गाठायच्या आणि त्याच्या गळ्यात ज्वारीचं पोतं मारायच्या. यांना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही. पण कॉलनीतला चक्कीवाला ज्वारी दळायला तयार नसे. "यहाँ गेहूँ पिसता है, बीबीजी," असं म्हणून तो पोत्याकडे अशा नजरेनं बघायचा, जणू मी शेणाच्या गोवऱ्या आणल्यात. मग हे रविवारी डबा सायकलला बांधून थेट पहाडगंजला जायचे. तिथं मराठी शाळेच्या अंगाला एक चक्की होती, ती आपल्या लोकांची ज्वारी दळून द्यायची. येताना त्यांचे केस पिठानं पांढरे झालेले असायचे आणि चेहरा सासरहून माहेरी आलेल्या मुलीसारखा.

दिल्लीच्या थंडीत दुपारी बायका हिरवळीवर उन्हाला बसायच्या. स्वेटर विणायचे, शेंगा सोलायच्या, आणि जी उठून गेली तिच्याबद्दल बोलायचं. त्या मैफलीत शिरायला मला दोन हिवाळे लागले. आमच्याच इमारतीत, समोरच्या क्वार्टरमध्ये, यांच्याच सेक्शन ऑफिसरची बायको राहायची. गोरीपान, भरलेली, मोठ्या आवाजाची. ती सगळ्यांची मुख्य. तिनं मला उलट टाके शिकवायचं कबूल केलं, त्या दिवशी मी घरी येऊन आरशात स्वतःकडे बघून हसले होते. इतकी मी बावळट.

तर एका दुपारी माझा तीन वर्षांचा मुलगा हातात भाकरीचा तुकडा घेऊन धावत बाहेर आला. सेक्शन ऑफिसरणीनं तो तुकडा त्याच्या हातातून घेतला, उलटापालटा केला, हुंगला.

"अरे भाभीजी, यह तो चरी है! हमारे यहाँ तो यह भैंस खाती है."

तिच्या गावाकडे ज्वारी जनावरांच्या चाऱ्यासाठी पेरतात, तिला चरी म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. सगळ्या बायका हसल्या. एकीनं विचारलं, "तो भाई साहब दूध कितना देते हैं?" यावर तर एकीच्या सुईवरचे टाकेच निसटले. आणि सांगू का, त्या सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं? मी. नवऱ्याची थट्टा, पोराच्या हातातला घास, आणि मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतेय. पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मग तोही हसायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, हिरवळीवरची मैफल उठून सगळ्या कॉलनीचा डोळा लागलेला असताना, मी पोतं फरफटत मागच्या दारानं बाहेर काढलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गॅलऱ्यांत कुणी नव्हतं. पोतं म्हशीपुढे ओतलं आणि पळत घरात आले. दूधवाल्यानं वेळेवर बघितलं म्हणून बरं, नाहीतर एवढं धान्य एकदम खाऊन म्हैस फुगून मेली असती. त्यानं ते गोळा केलं आणि पुढे पंधरा दिवस भिजवून भिजवून तिला घातलं. त्या पंधरा दिवसांत आमच्याकडे आलेल्या दुधावर अशी साय धरायची की बघत राहावं. हे म्हणायचे, "हल्ली दूध छान देतोय बरं का." मी म्हणायची, "हो ना."

ज्वारी कुठे गेली, या प्रश्नाला मी 'उंदीर' असं उत्तर दिलं. सासूबाईंना मात्र वेगळं कळवलं. लिहिलं की आई, दिल्लीच्या पाण्यात भाकरी थापता येत नाही, मोडते, तेव्हा आता ज्वारी पाठवू नका. सासूबाईंनी शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं कार्ड आठव्या दिवशी हजर. यांनी ते चहा पिता पिता मोठ्यानं वाचलं.

"पाणी कुठलं का असेना. आधण ठेव. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, चिकटपणा राहत नाही, मग गार पाण्यात भाकरी मोडणारच. उकळतं पाणी घाल, चटका सोस आणि मळ. हात भाजल्याबिगर भाकरी यायची नाही. ज्वारी संपली की कळव."

यांनी कार्ड घडी करून खिशात ठेवलं. "आधण ठेव म्हणतेय आई," एवढंच म्हणाले.

ज्वारी संपल्याचं मी कधीच कळवलं नाही. आधणही ठेवलं नाही. चहा ठेवला. त्यात तीन चमचे साखर.

पुढची वीस वर्षं मी जे काही रांधलं त्याची यादी द्यायची माझी तयारी नाही. सेक्शन ऑफिसरणीकडून मी छोले-भटुरे शिकले, वनस्पती तुपातले पराठे शिकले, डब्यातल्या दाट गोड दुधाची मिठाई शिकले. पाहुणा आला की नारिंगी सरबत, मैद्याची बिस्किटं, तळलेलं काहीतरी. घरात पाकिटं आली. दोन मिनिटांत शिजणारं, हलवलं की तयार होणारं, फोडलं की संपणारं. नुसतं कात्रीनं कापायचं की स्वयंपाक झाला! मला वाटायचं आपण केवढे पुढे गेलो. यांची सायकल जाऊन स्कूटर आली. पँटी दर दिवाळीला उसवून सैल कराव्या लागत. सेक्शन ऑफिसरण यांच्याकडे बघून खुशीत म्हणायची, "अब लगते हैं भाई साहब खाते-पीते घर के." मी लाजायची. नवरा सुटत चाललाय आणि बायको लाजतेय, असं ध्यान होतं ते.

चव्वेचाळिसाव्या वर्षी यांना पाठीवर गळू झालं, ते महिनाभर भरेना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि म्हणाले, शुगर आहे.

आता याच्यावर हसाल, पण तेव्हा आम्हाला किंचित अभिमान वाटला. कॉलनीत शुगर ही मोठ्या हुद्द्याची गोष्ट समजली जायची. जॉइंट सेक्रेटरींना शुगर होती, डायरेक्टरांना होती. शिपायाला शुगर झालेली कुणी ऐकली नव्हती. मी हिरवळीवर जाऊन जवळजवळ पेढे वाटल्याच्या आवाजात सांगितलं, "इनको भी शुगर निकली है." सेक्शन ऑफिसरणीनं अनुभवी माणसासारखी मान हलवली. तिच्या घरात ती आधीच निघाली होती.

हुद्दे पुढे राहिले नाहीत, हे सांगायला हवं. काही वर्षांत दूधवाल्यालाही शुगर झाली. आज आमच्याकडे गाझियाबादहून पोळ्या करायला येणारी बाई पस्तिशीची आहे, अंगावर मूठभर मांस नाही, आणि तिलाही आहे. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी बसस्टॉपवर पाकिटातलं काहीतरी, रात्री उरलेल्याची भर. पोट भरत नाही आणि शुगर मात्र भरते. तिनं मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात अभिमान नव्हता. तिच्या मालकिणीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, तिला एक जुनं मशीन देऊन टाकलं, बोट टोचायचं.

यांचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, लांबवलं तर मला लिहवणार नाही. आधी डाव्या पायाचा अंगठा गेला. मग डोळे अधू झाले. मग किडन्या. निवृत्तीला चार महिने उरले होते.

शेवटच्या आजारात एकदा यांनी भाकरी मागितली. मी रिक्षानं पहाडगंजला गेले, पीठ आणलं. इतक्या वर्षांत हात पार विसरला होता. घाईघाईत नळाच्या पाण्यानंच मळलं, थापलं, आणि तव्यावर पडेपर्यंत भाकरीचे पाच तुकडे झाले. ते पाच तुकडे ताटात जुळवून मी यांच्यापुढे ठेवले. यांनी चाचपडत एक तुकडा उचलला, तोंडात घातला, बराच वेळ चावला.

"दिल्लीचं पाणीच तसं आहे," म्हणाले.

तो टोमणा होता की दिलासा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हशीचं त्यांना माहीत होतं का, हेही नाही.

भाकरी खाल्ली असती तर ते जगले असते, असं मी म्हणत नाही. डॉक्टरांची पोरं हसतील मला. रोग काय एका पोत्यानं येतो-जातो? पण त्या पोत्याच्या जागी मी ताटात काय काय वाढलं, ते मला माहीत आहे. आणि सासूबाई, त्याच ज्वारीवर, नव्वदी ओलांडून गेल्या. मुलाच्या मागे अकरा वर्षं जगल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

मग माझ्याकडे राग उरला आणि तो ठेवायला जागा नव्हती. स्वतःवर किती ठेवणार? मला स्वतःवर रागावायचा कंटाळा फार लवकर येतो. तेव्हा मी तो सगळा एका गोऱ्यापान बाईच्या नावे साठवून ठेवला. चांगला मुरू दिला.

आणि देवानं माझं ऐकलं म्हणायचं. मुलानं नोएडात सोळाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, मी त्याच्याबरोबर आले, आणि पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या बागेत बाकावर कोण बसलेलं? सेक्शन ऑफिसरण. आता हातात काठी, पायात कापडी चपला. शेजारच्या टॉवरमध्ये मुलीकडे राहत होती. नवरा कधीच गेलेला. गळ्यात पडून रडली. मीही रडले. रडता रडता तिच्या खांद्यावरून मी विचार करत होते, आता सापडलीस.

सुरुवातीला माझे सूड फुटकळ होते. तिला शुगर, मला नाही. माझे रिपोर्ट अजून शाळकरी मुलीसारखे येतात, याचं कारण माझी पुण्याई नसून आडमुठी जात असावी. मी रोज संध्याकाळी बाकावर तिच्या शेजारी बसून गरम जिलबी खायची. सावकाश. "आपको तो चलेगी नहीं ना, भाभीजी?" असं प्रेमानं विचारून.

मग सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पौष्टिक धान्यांचा कार्यक्रम झाला. एक तरुण आहारतज्ज्ञ मुलगी हातात चकचकीत पाकीट धरून म्हणाली, हे बघा, ज्वारी, आपल्या पूर्वजांचं धान्य, गव्हाच्या जागी हे खा. पुढच्या रांगेत बसलेली सेक्शन ऑफिसरण वळून सगळ्यांना सांगू लागली, "बिल्कुल सही. मेरे डॉक्टर भी यही कह रहे हैं. ज्वार तो बहुत ही बढ़िया चीज़ है."

बढ़िया! माझ्या कानात शिसं ओतल्यासारखं झालं. पन्नास वर्षांपूर्वी नाकाशी धरून हुंगलेला तुकडा, आणि आज बढ़िया चीज़. कार्यक्रम संपल्यावर तीच माझ्याकडे आली. "भाभीजी, आपके यहाँ तो यह रोज़ बनती थी ना? मुझसे तो टूट जाती है. सिखा दीजिए ना."

म्हटलं, "ज़रूर."

दर मंगळवारी मी तिच्या टॉवरमध्ये जायला लागले. पाकिटातलं पीठ कधीचं दळलेलं कोण जाणे, विरी गेलेलंच असणार, त्याला आधणाशिवाय गत्यंतर नाही. तिनं विचारलं, "पानी कैसा लूँ?"

"ठंडा," मी म्हटलं. "फ्रिज का हो तो और अच्छा."

भाकरीचे तुकडे झाले. अगदी पाच. मी ते मोजले आणि मला इतकं बरं वाटलं की त्या रात्री झोपेची गोळी लागली नाही.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. ती हिरमुसली. मी हातावर हात ठेवून म्हटलं, "आपका कोई दोष नहीं. नोएडा का पानी ही ऐसा है." खोटं जुनंच होतं, पण अजून चांगलं चालत होतं. मग तिनं पाण्याची मोठी बाटली मागवली. मोडली. जावयाच्या ऑफिसातून वेगळं पाणी आणवलं. मोडली. पाचव्या मंगळवारी हरिद्वारहून आणलेल्या पाण्याचा गडवा उघडला, हात जोडले आणि मला म्हणाली, आता तरी होईल. मी गंभीर चेहऱ्यानं डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवले असते तर हसू बाहेर पडलं असतं. मोडली. मी घरी येऊन एकटीच पलंगावर पडून हसले. सून दारातून डोकावून गेली, तिला वाटलं मला काही झालं.

सहाव्या मंगळवारी मी गेले तेव्हा ती दारात उशिरा आली. कापडी चपलांऐवजी एका पायात नुसती पट्टी. डावा पाय. अंगठा. मलमाचा तो वास मला ओळखायला डोळे उघडायची गरज नव्हती, आमच्या घरात तो वास तीन वर्षं होता.

"अगले सोमवार दिखाना है," ती म्हणाली. "शुगर नीचे नहीं आई तो काटेंगे." मग घाईनं म्हणाली, "रोटी बनती नहीं ना, तो बेटी पराठा दे देती है. क्या करूँ, भूख लगती है."

मी त्या दिवशी शिकवलं नाही. डोकं दुखतंय सांगून परत आले. बागेत बाकावर बसले, जिलबीवाला समोरून गेला, हाक मारली नाही. माझा राग कमी झाला होता असं समजू नका. राग होता तिथंच होता. फक्त तिच्या पायात यांचा अंगठा बघून मला कळेना, तो आता नक्की कुणावर काढायचा.

बुधवारी सकाळी सातला मी तिची बेल वाजवली. मंगळवार नसताना. तिच्याशी एक शब्द न बोलता सरळ स्वयंपाकघरात गेले, भांड्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला. आधण उकळू दिलं. पिठात ओतलं, उलथन्यानं हलवलं, मग तिचा हात धरला आणि वाफाळत्या पिठात घातला.

"हाय राम! जल गई!"

"जलना पड़ता है," मी म्हटलं. "मळा."

ती कण्हत मळत राहिली, मी तिच्या मनगटावर हात ठेवून दाबत राहिले. माझेही तळवे लाल झाले. भाकरी थापली. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, आचेवर धरली. फुगली. आम्ही दोन म्हाताऱ्या बायका त्या फुगलेल्या भाकरीकडे बघत उभ्या राहिलो.

तिनं ताट पुढे केलं. मी भाकरी हातातच ठेवली. एवढं फुकट कसं सोडू?

"पहले बताइए. यह क्या है?"

"ज्वार."

"उस दिन क्या कहा था आपने? लॉन पर. मेरे बेटे के हाथ से लेकर."

आठवत होतं तिला. ज्याचा घास हसण्यावारी गेला त्याला एकट्यालाच आठवतं असं मी समजत होते. "चरी," ती हळूच म्हणाली.

"कौन खाता है?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पट्टीकडे. "मैं," म्हणाली.

मी भाकरी ताटात ठेवली.

तिचा अंगठा वाचला. श्रेय इन्सुलिनचं, डॉक्टरांचं, पराठे बंद करणाऱ्या मुलीचं, आणि थोडं भाकरीचं असेल तर सासूबाईंचं. माझं काही नाही. माझे सहा आठवडे तर उलट्या बाजूला धरायला हवेत, आणि कुणी धरले तर मी भांडणार नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या बुधवारी ती खुर्चीत बसून नुसत्या शेंगदाण्याच्या चटणीशी भाकरी खात होती. सावकाश, मी जिलबी खायची तशी. शेवटचा तुकडा हातात उरला तेव्हा ती तो उलटापालटा करून बघू लागली, नाकाशी नेला, हुंगला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली:

"मैंने उस दिन छत से देखा था, भाभीजी. भैंस को तो आपने बिना माँगे पूरी बोरी खिला दी थी, और मुझे एक रोटी के लिए छह हफ़्ते तरसाया."